बुडालेली पत आणि तीन आकडी अंक

दिवाळे निघालेल्या व्यापाऱ्याने भरदिवसा पेढीवर दिवा लावून ठेवायचा, गादी उलटी घालायची आणि आल्यागेल्याने काय ते समजून घ्यायचे, अशी जुन्या बाजारातली रीत सांगितली जाते. ‘दिवाळे’ हा शब्द त्या दिव्यावरूनच आला की कसे, याचा निर्णय भाषापंडितांनी करावा. त्या रीतीत मात्र एक सरळपणा होता. बुडाल्याची बातमी बुडालेला माणूस स्वतः देत असे, एका दिवसात ती साऱ्या पेठेला कळत असे आणि पुढे तो सावरला तर तेही त्याच पेठेला दिसत असे. आजच्या राणीसावरगावात असा दिवा कोणी लावत नाही. दुकानाचे शटर काही दिवस अर्धे उघडते, मग उघडेनासे होते. बुडाल्याची पक्की नोंद दूर कुठल्या तरी कंपनीच्या संगणकात होते. ती गावाला दिसत नाही, खातेदारालाही सहसा दिसत नाही. बहुतेकांना तिचा पत्ता लागतो तो पाच-सात वर्षांनी, पुन्हा एखाद्या बँकेच्या दारात उभे राहण्याची वेळ येते तेव्हा.

राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील, रेणुकामातेच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे गाव. आसपासची शेती सोयाबीन, कापूस आणि तुरीची, आणि तीही मुख्यतः पावसाच्या भरवशावर. अशा गावातल्या दुकानदाराचा धंदा रोखीवर चालत नाही. गिऱ्हाईक श्रावणात माल नेते आणि ‘सुगीला देतो’ म्हणते. सुगी आली तर पैसे येतात. २०१५ च्या पावसाळ्यानंतर मराठवाड्यात सुगी आलीच नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, यावरून त्या वर्षाची कल्पना यावी. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि उरलीसुरली उधारीही वहीतच राहिली.

अशा गावातला एक कापड-किराणा दुकानदार वाचकाने डोळ्यांसमोर आणावा. तो कोणी एक विशिष्ट गृहस्थ नव्हे. मराठवाड्यातल्या कुठल्याही बाजारपेठेच्या गावात तो भेटू शकतो. बँकेचे कॅश क्रेडिट, माल आणण्यासाठी घेतलेल्या पिकअप गाडीचे कर्ज, गावच्या पतसंस्थेतील उचल, गंगाखेडच्या मोंढ्यातील अडत्याची बाकी, आणि शिवाय विधवा आत्याबाईंनी विश्वासाने ठेवायला दिलेली रक्कम, एवढे देणे त्याच्या डोक्यावर होते. बँकेच्या कर्जाला बहिणीचे यजमान, म्हणजे त्याचे दाजी, जामीन राहिले होते. दोन वर्षे त्याने ओढाताण केली आणि मग दुकान बंद केले.

त्यानंतर त्याने जे केले ते कुठल्याही सुसंस्कृत व्यापारी घरात शिकवले जाते तसेच केले. आधी आत्याबाईंचे पैसे दिले. मग पत्नीचे दागिने मोडून अडत्याची बाकी फेडली. तिसऱ्या वर्षी पतसंस्था मोकळी केली. बँक सर्वांत शेवटी, कारण बँकेला तोंड नसते. ती लग्नकार्यात समोर येत नाही आणि मंदिरात दर्शनाला गेल्यावर शेजारी उभी राहत नाही. अखेर बँकेनेच एकरकमी परतफेडीचा प्रस्ताव दिला, व्याज आणि मुद्दलाचाही काही भाग सोडला. त्याने मेहुण्याकडून उसने घेऊन ती रक्कम भरली आणि ‘आता कोणाचे एक पैचे देणे नाही’ असे समाधानाने म्हणून यापुढे कर्जाला हात न लावण्याचा नियम घेतला. गावात त्याची पत परत आली. अडत्या पुन्हा माल द्यायला तयार झाला. सारे ठीक चालले असता मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, शैक्षणिक कर्जासाठी तो सहकर्जदार म्हणून बँकेत गेला आणि टेबलापलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने संगणकाकडे पाहत विचारले, “काका, तुमचा सिबिल स्कोअर इतका खाली कसा?”

त्या प्रश्नाने तो नुसता गोंधळला नाही, दुखावला गेला. ज्याने आत्याबाईंचा पै अन् पै फेडला, त्याला अप्रामाणिक कोण म्हणते? प्रश्न रास्त आहे, पण तो चुकीच्या खिडकीवर विचारलेला आहे. गावातली पत आणि बँकेतला अंक ही दोन निरनिराळी पुस्तके आहेत. आत्याबाईंची रक्कम, अडत्याची बाकी, नातलगांची उसनवारी यांतले काहीच दुसऱ्या पुस्तकात लिहिले जात नाही. पतसंस्थेतील प्रत्येक व्यवहारही तेथे उमटतोच असे नाही. जे कर्ज त्याने सर्वांत शेवटी आणि सवलतीत मिटवले, नेमके तेच तेथे नोंदलेले आहे. ज्या क्रमाने त्याने आपली अब्रू राखली, त्याच क्रमाने त्याचा अंक घसरला.

कायद्याच्या भाषेत तर हा माणूस दिवाळखोर ठरलाच नाही. व्यक्तीच्या नादारीसाठी आजही मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांकरिता १९०९ चा आणि त्यांच्या बाहेरच्या मुलखाकरिता प्रामुख्याने १९२० चा कायदा सांगितला जातो. या दुसऱ्या कायद्यात नादारीचा अर्ज करण्यासाठी ५०० रुपयांचे देणे पुरेसे धरले आहे. त्या आकड्यावरूनच त्याचे वय कळावे. २०१६ मध्ये संसदेने नादारी आणि दिवाळखोरी संहिता संमत केली. तिच्यात व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे, परंतु १ डिसेंबर २०१९ पासून तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला; साध्या दुकानदाराला वा पगारदाराला तो अद्याप लागू झालेला नाही. त्यामुळे सामान्य कुटुंबाचे दिवाळे न्यायालयात क्वचितच निघते. ते बँकेच्या नोटिशीत निघते, धनादेश न वटल्याच्या खटल्यात निघते, पतसंस्थेने कलम १०१ खाली मिळवलेल्या वसुली दाखल्यात निघते आणि बऱ्याचदा घरातल्या अबोल्यात निघते.

याचा एक तोटा सहसा कोणी बोलून दाखवत नाही. न्यायालयाने नादार ठरवलेल्या माणसाला पुढे कधीतरी ‘तू मोकळा झालास’ असा हुकूम मिळण्याची सोय असते. तडजोडीने सुटलेल्याला तसा दिवस लाभत नाही. अमेरिकेत पतअहवालात दिवाळखोरीची नोंद जास्तीत जास्त १० वर्षे आणि इतर बहुतेक प्रतिकूल नोंदी ७ वर्षे दाखवता येतात. यूट्यूबवरील व्हिडिओ पाहून हाच नियम येथेही आहे असे अनेकांनी धरले आहे. ‘सात वर्षे गप्प बसा, आपोआप पुसले जाईल’ हा सल्ला गंगाखेडच्या बसस्थानकावरही ऐकायला मिळेल. भारतातील नियमांत सात वर्षांचा उल्लेख आहे खरा, पण तो उलट्या अर्थाने: माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी, असा. किमान आणि कमाल यांतला हा फरक ध्यानात न आल्याने कितीतरी माणसे हातातली वर्षे वाया घालवतात.

पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या भारतात चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांतली सिबिल ही २००० साली स्थापन झालेली सर्वांत जुनी, म्हणून तिचे नाव साऱ्यांनाच चिकटले, जसे वनस्पती तुपाला डालडाचे चिकटले. २००५ च्या कायद्याने या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आल्या. अंक ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. तो घडतो प्रामुख्याने हप्ते वेळेवर भरले की नाही यावरून. त्याखेरीज मंजूर मर्यादेपैकी किती रक्कम वापरात आहे, खाती किती जुनी आहेत, तारणी आणि विनातारणी कर्जांचे प्रमाण काय, आणि अलीकडे किती ठिकाणी कर्जाचे अर्ज केले, या गोष्टी पाहिल्या जातात. पगार किती, शेत किती एकर, घराणे कोणते, हे त्यात नाही. कारणही त्यात नाही. पाऊस पडला नाही म्हणून हप्ता चुकला आणि जुगारात पैसे घालवले म्हणून चुकला, दोन्ही ठिकाणी आकडा सारखाच उतरतो.

हे निष्ठुर वाटते. त्याच्या तोडीला जुन्या पतीची एक सुंदर गोष्ट ठेवता येईल. जौनपूरला १५८६ मध्ये जन्मलेल्या बनारसीदास या जैन व्यापारी-कवीने १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ नावाने आपले आत्मचरित्र लिहिले. त्यात आपल्या अपयशांचा हिशेब त्याने कसलाही आडपडदा न ठेवता मांडला आहे. आग्र्याला व्यापारासाठी नेलेला माल आणि भांडवल त्याने गमावले, खिसा रिकामा झाला. संध्याकाळी तो चार लोकांना प्रेमकथा वाचून दाखवी आणि एका कचोरीवाल्याकडे उधारीवर पोट भरी. काही दिवसांनी त्याने स्वतःच कचोरीवाल्याला आपली स्थिती सांगितली आणि उधार देऊ नकोस म्हटले. कचोरीवाल्याने उत्तर दिले की वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, कोणी काही बोलणार नाही. सहा-सात महिने हे चालले आणि पुढे दिवस पालटताच बनारसीदासाने ती उधारी चुकती केली. त्या कचोरीवाल्याने कोणता अहवाल पाहिला होता? माणूस पाहिला, त्याचा खरेपणा पाहिला आणि मर्यादा ठरवून दिली.

पण ही गोष्ट ऐकून हळहळणाऱ्याने दुसरीही बाजू पाहावी. त्या कचोरीवाल्याने परजातीच्या, अनोळखी, फाटक्या माणसाला वीस रुपयांची उधारी दिली असती का? एकट्या बाईला दिली असती का? जुनी पत माणूस ओळखत असे, आणि म्हणूनच ज्याला ती ओळखत नसे त्याच्यासाठी दार बंद असे. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे कुळाला वाचता येत नसे, आणि खोटे लिहिले असले तरी तक्रारीला जागा नसे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांची खतपत्रे जाळली, ती याच साचलेल्या संतापापोटी. व्यापारी समाजाने ही आठवण टाळू नये. त्याही आधी, दुष्काळात धंदा बुडालेल्या देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडून कुळांना मोकळे केल्याचे परंपरा सांगते. आजचे खाते जळत नाही आणि नदीतही बुडत नाही. मात्र ते खातेदाराला वाचता येते आणि त्यातली चूक दुरुस्त करून मागता येते. १८७५ च्या कुळाला ही सोय असती तर कदाचित काडी ओढावी लागली नसती.

वाचण्याची ही सोय फुकट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. कंपनीच्या संकेतस्थळावर पॅन क्रमांक आणि मोबाइल नोंदवून तो घेता येतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने अंक कमी होत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण त्या भीतीने पुष्कळजण तिकडे फिरकतच नाहीत. अंक खाली येतो तो बँकांनी कर्जाच्या अर्जावरून केलेल्या चौकशांनी. ‘एका बँकेने नाही म्हटले तर दुसरी पाहू’ म्हणून एका महिन्यात सहा ठिकाणी अर्ज टाकणारा माणूस आपल्याच हाताने आपली गरज आणि घबराट लिहून ठेवत असतो.

अहवालात प्रत्येक कर्जाखाली महिन्यामहिन्याचे चौकोन असतात, एका खात्याचे ३६ पर्यंत. त्यात हप्ता किती दिवस थकला ते लिहिलेले असते. तीन शून्ये असली की त्या महिन्याचे देणे वेळेवर आले. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की बँक ते कर्ज अनुत्पादक ठरवते. पण दिवाळ्यातून उठणाऱ्या माणसाने या चौकोनांच्या आधी खात्याची ‘स्थिती’ वाचावी. तेथे प्रामुख्याने तीन शब्द भेटतात. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेडून बंद. ‘सेटल्ड’ म्हणजे तडजोडीने, येणे होते त्यापेक्षा कमी घेऊन मिटवलेले. आणि ‘रिटन ऑफ’, मराठीत निर्लेखित, म्हणजे बँकेने आपल्या ताळेबंदातून काढून टाकलेले. या तिसऱ्या शब्दाने फार घात केला आहे. निर्लेखित म्हणजे माफ, अशी समजूत करून घेऊन माणसे निर्धास्त होतात. बँकेने ते फक्त आपल्या हिशेबातून बाजूला ठेवलेले असते; येणे कायम असते आणि वसुलीचा हक्कही कायम असतो.

दुकानदाराच्या अहवालात दुसरा शब्द होता. बँकेच्या टेबलावर त्याने ‘सेटलमेंट’ या शब्दावर सही केली तेव्हा त्याला वाटले, वाद मिटला. पतअहवालात त्याचा अर्थ, ‘या गृहस्थाकडून पूर्ण पैसे आले नाहीत’ असा वाचला जातो. सवलत घेणे गैर होते असे मुळीच नाही. घर विकून रस्त्यावर येण्यापेक्षा ते शहाणपणाचेच होते. फक्त सवलतीची ही किंमत सही करण्यापूर्वी त्याला कोणीतरी सांगायला हवी होती. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये तडजोडींबाबत जे धोरण जाहीर केले, त्यानुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला ती बँक शेतीकर्ज सोडून अन्य नवे कर्ज किमान १२ महिने देऊ शकत नाही. याचा अर्थ त्यानंतर द्यावेच असा नव्हे, पण दार कायमचे बंद झालेले नाही, एवढे त्यातून निघते.

दुरुस्तीची पहिली पायरी तेथेच आहे. हात मोकळा झाल्यावर सोडलेली रक्कम भरण्याची तयारी बँकेला लेखी कळवावी, आणि ती भरल्यावर खाते पूर्ण बंद झाल्याची नोंद मागावी. अनेक बँका हे मान्य करतात. आधी लेखी होकार घेऊन मगच पैसे भरावेत. मग बेबाकी प्रमाणपत्र घ्यावे आणि ते घरातल्या खरेदीखताइतक्याच काळजीने ठेवावे. कर्ज पूर्ण फिटल्यावर तारण ठेवलेली मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे आणि तरीही कपाटातले दस्त वर्षानुवर्षे न मागणारी घरे आहेत.

दुसरी गोष्ट अधिक अवघड, कारण ती त्याने घेतलेल्या नियमाच्या आड येते. ज्याच्या नावावर एकही चालू कर्ज नाही, त्याच्याविषयी नवे असे काहीच लिहिले जात नाही. जुनी वाईट नोंद तेवढी राहते. कर्ज घ्यायचे नाही असे ठरवणारा माणूस धर्मदृष्ट्या आणि व्यवहारदृष्ट्या कितीही योग्य असला, तरी या पुस्तकाला त्याचे मौन कळत नाही. ही त्या पद्धतीची उणीवच म्हटली पाहिजे. उपाय त्यातल्या त्यात निरुपद्रवी शोधावा. बँकेत मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड मिळते. मोडका अंकही तेथे फारसा आड येत नाही, कारण बँकेचे पैसे आधीच सुरक्षित असतात. त्या कार्डावर महिन्याला विजेचे बिल आणि मोबाइलचे रिचार्ज एवढेच करावे, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहावे आणि बिलाची संपूर्ण रक्कम मुदतीपूर्वी भरावी. ‘किमान देय रक्कम’ नावाचा जो छोटा आकडा बिलावर असतो, तो भरून थांबले की उरलेल्या रकमेवर सावकारालाही लाजवील असे व्याज चढते. ज्याला स्वतःवर इतका भरवसा नाही, त्याने सोनेतारणाचे लहानसे कर्ज घेऊन वेळेवर फेडावे; बँकेचे सोनेतारणही अहवालात उमटते. आणि जे आज वेळेवर फेडत आहे ते ताजे असल्याने अधिक वजनाने मोजले जाते. सहा महिन्यांत हालचाल दिसू लागते. चांगल्या पातळीवर यायला दोन-तीन वर्षे धरून चालावे. महिनाभरात स्कोअर वाढवून देतो म्हणून पैसे मागणारे एजंट आता तालुक्याच्या गावांतही पोहोचले आहेत. खरी नोंद पुसण्याचा अधिकार कोणाही एजंटाला नाही आणि खोटी नोंद पुसायला एजंट लागत नाही.

खोट्या नोंदीचा प्रश्न गंगाखेड तालुक्याला नवा नाही. २०१७ मध्ये तेथील पोलिसांत एक गुन्हा दाखल झाला. ऊसतोडणी आणि वाहतुकीच्या योजनेखाली हजारो शेतकऱ्यांच्या नावांवर, त्यांच्या नकळत, त्यांची कागदपत्रे वापरून बँकांतून कोट्यवधींची कर्जे उचलल्याचा आरोप त्यात होता. न्याय न्यायालय करील. येथे एवढेच पाहायचे की ज्यांनी बँकेची पायरी चढली नव्हती, त्यांना आपण थकबाकीदार असल्याचे नोटिशी हातात पडल्यावर कळले. आधार, सातबारा आणि चार कोऱ्या सह्या कोणाच्याही हाती देणे किती महागात पडू शकते, हे या तालुक्याइतके क्वचितच कोणी जाणत असेल. पीककर्जासाठी बँकांनी सिबिलची अट घालू नये असे राज्य सरकार बँकांना वेळोवेळी बजावत आले आहे. तरी शेतकऱ्याने वर्षातून एकदा आपला अहवाल उघडून आपल्या नावावर परके कर्ज नाही ना, हे पाहावे. मुलाच्या हाती मोबाइल असतोच.

चुकीची नोंद सापडली तर पतमाहिती कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करावी. कारण कंपनी स्वतः नोंद बदलत नाही, बँकेने दुजोरा दिला तरच बदलते. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तेथेही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. २०२५ च्या आरंभी बँकांनी दर पंधरवड्याला माहिती पाठवण्याचा नियम लागू झाला, त्यामुळे फेडलेले पैसे अहवालात दिसायला पूर्वीइतका उशीर लागू नये.

मुलीच्या कर्जाचे काय? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, केवळ कमी अंकाच्या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, अशी भूमिका घेतली. तो निकाल परभणीच्या बँकेवर थेट बंधनकारक नसला तरी अर्जासोबत त्याचा उल्लेख करता येतो. सहकर्जदार म्हणून आईचे नाव लावता येते का, हेही विचारावे. पुष्कळ घरांत आईच्या नावावर कधीच काही नसते, वाईटही नाही आणि चांगलेही नाही. बचत गटातून घेतलेले छोटे कर्ज तिने वेळेवर फेडले असेल आणि ते अहवालात उतरले असेल, तर त्या घरातला सर्वांत चांगला अंक तिचाच निघण्याचा संभव आहे, आणि घरातल्या पुरुषांना तो माहीतही नसतो.

राहिले दाजी. दुकान बुडाले तेव्हा त्यांच्यावर प्रत्यक्ष वसुली आली नाही, म्हणून त्यांचे काही बिघडले नाही असे सर्वांनी धरले होते. जामीनदाराच्या अहवालात ते कर्ज त्याच्याही नावाने दिसते आणि थकल्याची नोंद त्यालाही लागते. घर बांधण्यासाठी मागितलेले कर्ज त्यांना का मिळाले नाही, याचे कारण दाजींनी कधी मेहुण्याला सांगितले नाही. कदाचित त्यांना ते कळलेही नसेल. तेव्हा आपला अहवाल हाती आल्यावर दुकानदाराने दुसरा कागद मागवायचा आहे तो दाजींचा. राहिलेली रक्कम भरली, बेबाकी मिळाली, आपल्या अहवालात ‘क्लोज्ड’ असे उमटले की त्यांच्या अहवालातही तसेच उमटले आहे ना, हे दोघांनी शेजारी बसून पाहावे. नसेल उमटले तर तक्रारीचा पहिला अर्ज त्यांच्या नावाने लिहावा.